चार इयत्तांचा एक आठवडा

शाळा बघायला कुणी आलं, की ते एका दिवसासाठी येतं. तासभर बसतं, फळा बघतं, दोन मुलांना पाढे विचारतं, हजेरीपटावर नजर टाकतं आणि जाताना म्हणतं, "एका खोलीत दोन-दोन वर्ग? मग शिकवता तरी कसं?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर एका दिवसात दिसत नाही. त्यासाठी सोमवार ते शनिवार असा सगळा आठवडा बघावा लागतो. आज मी तुम्हाला तोच सांगणार आहे.

आमची शाळा जिल्हा परिषदेची. घाटाच्या पायथ्याशी, चाळीसेक उंबऱ्यांच्या वाडीत. दोन खोल्या, एक व्हरांडा, पुढे मुरमाचं अंगण. यंदा पटावर १७ मुलं आहेत. पहिलीत ५, दुसरीत ३, तिसरीत ५ आणि चौथीत ४. शिक्षक दोन. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. सर प्रशिक्षणाला, केंद्राच्या बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले, की चारही इयत्ता माझ्याच. अशा वेळी भिंतीवरचं तासांचं वेळापत्रक भिंतीवरच राहतं. आम्ही दोघांनी म्हणून तासांऐवजी आठवडाच बांधून घेतला आहे.

सोमवारी परिपाठ संपला, की बातम्या. वर्तमानपत्र वाडीत दुपारच्या एसटीनं येतं, त्यामुळे बातम्या मुलांच्याच असतात. रविवारची एकेक गोष्ट प्रत्येकानं सांगायची. "आमची शेळी याली." "आज्जीच्या पायात काटा मोडला." "पप्पा मुंबईवरनं आलं." मूल बोलेल तसंच वाक्य मी फळ्यावर लिहिते. मग त्या एकाच फळ्यावर चार वर्गांचं काम निघतं. पहिलीची मुलं ओळखीच्या अक्षरांभोवती गोल करतात. दुसरीची मुलं वाक्यं मोठ्यानं वाचतात. तिसरीची मुलं 'याली'च्या शेजारी पुस्तकातलं 'व्याली' लिहितात. चौथीनं एका बातमीवर पाच प्रश्न तयार करायचे. घरची बोली पुसून टाकायची नाही, तिच्या शेजारी पुस्तकाची भाषा मांडायची, एवढं पथ्य आम्ही पाळतो. आपलं बोलणं फळ्यावर आलेलं पाहिलं, की पहिलीतलं बुजरं मूलही दुसऱ्या सोमवारी बातमी घेऊन येतं.

मंगळवारी तालुक्याचा बाजार. त्या दिवशी हजेरी घसरते. कुणी आईबरोबर भाजीची पाटी घेऊन जातं, कुणी धाकट्याला सांभाळायला घरी थांबतं. समजावून सांगणं चालूच असतं, पण बाजार काही बंद होत नाही. म्हणून मंगळवारी आम्ही नवा धडा घेत नाही. जी मुलं आली असतील त्यांतल्या मागे पडलेल्यांना जवळ घेऊन बसतो. मोठ्या वर्गात ज्या मुलाकडे महिनाभर बघायला होत नाही, त्याच्या शेजारी मला दर मंगळवारी अर्धा तास बसता येतं.

बुधवारी बाजाराला गेलेली मुलं सांगतात आणि आम्ही ऐकतो. कोथिंबिरीच्या २० जुड्या नेल्या. १२ जुड्या दहा-दहा रुपयांनी गेल्या, उतरत्या बाजारात राहिलेल्या पाच-पाच रुपयांनी द्याव्या लागल्या. आईच्या हातात किती आले? त्यातून एसटीचं भाडं वजा करा. राज्यात २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, मुलांना आधीपासूनच आहे. "बाई, आईचं अर्धं आन् माझं अर्धं, म्हंजे दोघांत एकच तिकीट," असं तिसरीतल्या एका मुलानं सांगितलं, तेव्हा अपूर्णांकांची बेरीज वेगळी शिकवायची गरज उरली नाही. पुस्तकातलं गणित आम्ही सोडवतोच. पण त्याआधी हे होतं.

रोजचं एक गणित ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला शालेय पोषण आहारात दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, असं प्रमाण आहे. हजेरी झाली, की चौथीतलं एक मूल हिशेब करतं आणि स्वयंपाकाच्या मावशींना सांगतं. १५ मुलं आली तर दीड किलो, सगळी आली तर एक किलो ७०० ग्रॅम. मावशी काट्यावर तांदूळ घालतात आणि दुसरीची मुलं काटा वाचतात. हिशेब चुकला तर खिचडी उरते किंवा कमी पडते, त्यामुळे तपासायला सगळेच हजर असतात.

गुरुवार परसबागेचा आणि परिसराचा. वाफ्यातल्या मेथीची उंची पहिलीची मुलं वितीनं मोजतात, तिसरीची पट्टीनं. प्रत्येकाची वीत वेगळी, मग खरी उंची कुणाची, यावर भांडण होतं. पट्टी का लागते, हे त्या भांडणातून कळतं.

शुक्रवारी जोडीवाचन. पुस्तकांच्या पेटीतून एक मोठं मूल आणि एक लहान मूल मिळून पुस्तक निवडतात आणि मोठ्यानं लहानाला वाचून दाखवायचं. तिसरीत एक मुलगा होता. जोडाक्षर आलं की अडायचा, आणि बरोबरीच्या मुलांसमोर तोंडच उघडायचा नाही. पहिलीतल्या मुलीला वाचून दाखवायचं म्हटल्यावर त्यानं अगदी सोपं पुस्तक उचललं, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. गुरुवारी संध्याकाळी तो ते घरी नेऊन वाचून यायचा. वर्ष संपता संपता तो तिसरीचं पुस्तक वाचू लागला. फार भराभर नाही, पण न थांबता. एकाच वयाच्या ४० मुलांच्या वर्गात त्याला ते सोपं पुस्तक उघडायला जागा मिळाली असती का, मला शंका आहे.

मोठ्यांनी लहानांना शिकवण्याची रीत काही आमची नाही. आपल्याकडच्या जुन्या शाळांत ती होतीच. अँड्र्यू बेल नावाचे एक पाद्री मद्रासच्या अनाथालयाची शाळा चालवत होते. मलबारी मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली. आपली धूळपाटीच ती. बेलनी ती रीत उचलली, मोठ्या मुलांना लहानांचे शिक्षक केलं आणि १७९७ साली त्यावर पुस्तिका लिहिली. पुढे इंग्लंडमधल्या शाळांत हीच पद्धत 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. आपल्या काळात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीनं खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी छोट्या छोट्या कार्डांची शिडी तयार केली. मूल आपल्या वेगानं एकेक पायरी चढतं. कर्नाटकात १९९५ साली सुरू झालेल्या 'नली-कली'नं तोच धागा पुढे नेला. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांनी वर्गाची जमीनच रंगवून तिचा फळा केला. वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र बसली तर शिकतात, हे पुष्कळ ठिकाणी पाहून झालेलं आहे.

शनिवारी सकाळची शाळा. कवायत, अंगणाची सफाई, मग बालसभा. अध्यक्ष दर आठवड्याला बदलतो आणि पहिलीतल्यांचीही पाळी येते. राज्य शासनानं २०२४ साली 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आणला, तेव्हा आमच्या मुलांना त्यात फार नवं वाटलं नाही. सभेत पुढच्या आठवड्याची कामं वाटली जातात. पाणी कोण भरणार, पुस्तकांची पेटी कोण सांभाळणार. १७ मुलांत काम नसलेलं मूल उरतच नाही.

सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. दुसरीत तीनच मुलं आहेत. एक आजारी पडलं, एक बाजाराला गेलं, की तिसरं एकटं. कबड्डीचे दोन संघ केले तर पहिलीतलं पिल्लूही ओढावं लागतं. संगणक आहे, वीज असेल तेव्हा चालतो. ज्यांना परवडतं त्यांची मुलं सकाळी गाडीत बसून इंग्रजी शाळेत जातात आणि आमचा पट आणखी एकानं उतरतो. मोठ्या शाळेत मैदान असतं, सोबती असतात, प्रत्येक वर्गाला शिक्षक असतो, हे मला मान्य आहे.

म्हणूनच २०२३ साली शासनानं २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा ती कल्पना मला वेडगळ वाटली नाही. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचं आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचं उदाहरण त्या वेळी दिलं गेलं. पण आमच्या वाडीपासून मोठी शाळा चार किलोमीटरवर आहे आणि मध्ये ओढा आहे. आषाढात तो भरला, की मोठी माणसंही अलीकडे थांबतात. गाडी देऊ म्हणतात. ती ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी सहा वर्षांच्या मुलीला तिची आई चालत पाठवणार नाही. असे दिवस वाढत गेले, की ती घरीच राहील आणि धाकट्याला सांभाळेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये आपल्या राज्यात पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असं ठरलं, ते याच मुलीसाठी.

माझं म्हणणं एवढंच आहे. काही शाळा एकत्र करणं मुलांच्या हिताचं असेलही. पण तो निर्णय पटावरचा एक आकडा बघून होऊ नये. ज्यांना तो घ्यायचा आहे त्यांनी, आणि गाडीत मूल बसवणाऱ्या पालकांनीही, जवळच्या छोट्या शाळेत एक सबंध आठवडा येऊन बसावं. पावसाळ्यातला आठवडा असेल तर उत्तम. बाजारच्या दिवशी कोण येत नाही आणि दुसऱ्या दिवशी ते काय घेऊन येतं, कोण कुणाला वाचून दाखवतं, ओढ्याला पाणी किती आहे, हे सगळं बघावं. मग शाळेची किंमत करावी. शनिवारी बालसभेत पाहुण्यांनाही काम वाटून दिलं जातं, तेवढी तयारी मात्र ठेवून या.