आकाशगंगेच्या केंद्राचा हायड्रोजन आणि आपले कल्याण

(धामणकर नाका, भिवंडी येथील कार्यक्रमात दिलेले भाषण)



बँकेत खतावण्या लिहिणाऱ्या माणसाने आकाशावर काय बोलावे, असे काहींना वाटेल. परंतु या विषयाचा एक धागा शेजारच्या कल्याणमधून जातो, म्हणून तो मी निवडला.

आपल्या आकाशगंगेचे केंद्र धनु राशीच्या दिशेला, सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर आहे. मध्ये धूळ इतकी आहे की साध्या दुर्बिणीतूनही ते दिसत नाही. रेडिओ लहरी मात्र धुळीतून पार होतात. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो, हे हॉलंडच्या व्हान डी हुल्स्ट यांनी १९४४ साली गणिताने सांगितले. एका अणूला त्यासाठी सरासरी एक कोटी वर्षे लागतात. पण अणू अगणित असल्याने लहर सतत येत राहते. १९५१ साली अमेरिकेत युएन आणि पर्सेल यांनी ती प्रथम पकडली.

या लहरीवरून वायूचा वेग कळतो. आपल्या नाक्यावर हॉर्न वाजवत येणाऱ्या ट्रकचा आवाज जवळ येताना चढा लागतो, पुढे गेल्यावर उतरतो. तसेच आपल्याकडे येणाऱ्या वायूची लहर आखूड होते, दूर जाणाऱ्याची लांब.

१९५७ च्या सुमारास हॉलंडच्या शास्त्रज्ञांना केंद्राच्या अलीकडे हायड्रोजनची एक भुजा सेकंदाला सुमारे ५३ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येताना आढळली. वायू केंद्राभोवती नुसता गोल फिरत असता, तर केंद्राच्या बरोबर समोर असा वेग दिसला नसता. तेव्हा केंद्रात कधीतरी स्फोट झाला असावा, असा तर्क निघाला. पुढे पुरावा वाढला आणि तो मागे पडला. मध्यभागी ताऱ्यांची लांबट रचना असून तिच्या ओढीने वायूच्या कक्षा लंबगोल होतात, असे आज मानले जाते. २००८ साली केंद्रापलीकडे तशीच, पण दूर जाणारी भुजाही सापडली. मोठ्यांचे मतही पुराव्यापुढे नमते, हे मुलांनी लक्षात ठेवावे.

आता कल्याणकडे येऊ. ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या ३२ लहान तबकड्या भेट मिळाल्या, आणि १९६५ साली प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पथकाने त्या कल्याणजवळ उभारून सूर्याचे निरीक्षण केले. त्याच अनुभवातून पुढे १९७० साली उटीची दुर्बीण आणि नंतर नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी उभी राहिली. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. वजन आणि खर्च कमी व्हावा म्हणून पत्र्याऐवजी तारेची जाळी वापरली आहे. हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहरही ती टिपते.

दहावी होताच यंत्रमागावर जाणारा आपला मुलगा म्हणतो, "हे आपल्यासाठी नाही." त्याला सांगा, जगात नाव झालेल्या या कामाची सुरुवात आपल्या शेजारी, दुसऱ्याने वापरलेल्या साहित्यावर झाली. विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरत आले आहे. ते पाहायला पालकांनी मुलांना न्यावे, मुलींना तर अवश्य न्यावे, आणि बारावीपर्यंत विज्ञान सुटू देऊ नये, एवढी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो.