नोकरीचें दार आणि महामारी

जपानांत एप्रिलची पहिली तारीख मोठ्या महत्त्वाची मानली जाते. त्या दिवशीं तेथील मोठमोठ्या पेढ्या आणि कारखाने आपल्या नव्या पदवीधर नोकरांचें समारंभपूर्वक स्वागत करितात. काळ्या पोशाखांतील शेंकडों तरुण-तरुणी ओळीनें बसतात, अध्यक्षांचें उपदेशपर भाषण होतें, आणि नोकरीस आरंभ होतो. २०२० सालच्या एप्रिलमध्यें मात्र अशीं कित्येक सभागृहें रिकामीं राहिलीं. कोठें समारंभ रद्द झाला, तर कोठें तो संगणकाच्या पडद्यावर उरकण्यांत आला. सहाच दिवसांनीं, ७ एप्रिल रोजीं, टोकियो व इतर सहा प्रांतांत आणीबाणी पुकारण्यांत आली. कोविडच्या साथीनें आशिया व पॅसिफिक महासागराच्या कांठच्या देशांतील पदवीधरांच्या नोकरभरतीची रीत कशी बदलली, हें पाहूं जातां आरंभ या रिकाम्या सभागृहांपासूनच केला पाहिजे.

जपानी नोकरभरती मोठी शिस्तबद्ध आहे. विद्यार्थी शेवटच्या वर्षाच्या उंबरठ्यावर आला कीं निवडीची धांदल सुरू होते. मार्चमध्यें पेढ्यांच्या माहितीसभा, जूनपासून मुलाखती, ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेस रीतसर निवडपत्र, आणि पदवी हातीं पडल्यावर पुढल्या एप्रिलमध्यें कामास आरंभ, असें हें ठरलेलें वेळापत्रक. या रीतीचा मोठा गुण असा कीं, पेढी तरुणापाशीं अनुभव मागत नाहीं; त्याला शिकवून तयार करण्याचा भार ती स्वतः उचलते. परंतु दोषही तितकाच मोठा. हें दार वर्षांतून एकदांच उघडतें, आणि ज्याच्यासमोर तें मिटलें त्याच्यासाठीं तें सहसा पुनः उघडत नाहीं. १९९० नंतर जपानमधील सट्ट्याची तेजी ओसरली. पुढें १९९३ ते २००४ च्या सुमारास ज्यांनीं पदवी घेतली, त्यांना 'हिमयुगांतील पिढी' असें नांव पडलें. त्यांतील कित्येकजण चाळिशी उलटली तरी हंगामी कामांवरच दिवस काढीत राहिले. २०१९ सालीं ताकाराझुका येथील नगरपालिकेनें या पिढीसाठीं मुद्दाम ३ जागा काढल्या, तेव्हां १,८०० हून अधिक अर्ज आले. एका वाईट काळाचा घाव किती खोल जातो, हें त्या अर्जांच्या गठ्ठ्यावरून कळून यावें.

महामारी आली तेव्हां हीच भीति पुनः उभी राहिली. माहितीसभा रद्द झाल्या, मुलाखती पडद्यावर होऊं लागल्या. विमान-कंपन्या, उपहारगृहें व प्रवासधंदा यांना सर्वांत मोठा फटका बसला; देशांतील दोन्ही प्रमुख विमान-कंपन्यांनीं नवी भरती थांबविली. तथापि या संकटांतून एक अनपेक्षित सोयही निघाली. होक्काइदो किंवा क्यूशूसारख्या दूरच्या बेटावरील विद्यार्थ्यास पूर्वीं एकेका मुलाखतीसाठीं टोकियोस जावें लागे. गाडीभाडें व मुक्कामाचा खर्च गरीब घरच्या मुलास झेंपत नसे. आतां तो आपल्या खोलींतूनच परीक्षकांसमोर बसूं लागला. शहाणपणाची गोष्ट अशी कीं, सरकारनें हिमयुगाचा धडा विसरूं दिला नाहीं. पदवी घेऊन तीन वर्षें होईपर्यंत तरुणास नवा पदवीधरच मानावें, अशी विनंती २०२० च्या ऑक्टोबरांत व्यापारी संघांना पुनः करण्यांत आली.

शेजारच्या कोरियांत बदल याहून खोल गेला. सॅमसंग समूहाची प्रवेशपरीक्षा म्हणजे तेथील पदवीधरांचें मोठें दिव्य. पूर्वीं ती मोठमोठ्या परीक्षागृहांत होई. २०२० च्या मे महिन्याच्या ३० व ३१ तारखांना ती प्रथमच उमेदवारांच्या घरीं झाली. प्रत्येकानें मेज मोकळें करून आपला मोबाईल असा उभा करावयाचा कीं, त्यांत आपला चेहरा, हात व संगणकाचा पडदा हीं सर्व दिसावींत; दूर बसलेला परीक्षक त्यावर नजर ठेवी. पण खरें स्थित्यंतर वेगळेंच होतें. ह्युंदाई मोटारने वर्षांतून दोनदां होणारी सामुदायिक भरती २०१९ मध्येंच बंद केली होती. एलजी समूहानें २०२० सालीं तोच मार्ग धरिला, आणि २०२२ पासून आपणही ही भरती बंद करूं असें एसके समूहानें २०२१ च्या आरंभीं जाहीर केलें. जेव्हां गरज पडेल तेव्हां, आणि ज्या कामासाठीं गरज असेल त्याच कामासाठीं माणूस घ्यावा, ही नवी रीत रूढ झाली. महामारीनें हा बदल जन्मास घातला नाहीं. चालत्या गाडीस तिनें जोराचा धक्का दिला. एकच हंगाम चुकल्यानें सर्वस्व जाण्याची भीति यामुळें ओसरली खरी. परंतु अमुक कामासाठींच माणूस हवा म्हटलें कीं तें काम पूर्वीं केलेला माणूस पुढें सरकतो. नवशिक्याची गत मग अशी होते कीं, अनुभव नाहीं म्हणून नोकरी नाहीं, आणि नोकरी नाहीं म्हणून अनुभव नाहीं.

चीनपुढील प्रश्न संख्येचा होता. २०२० सालीं तेथें ८७ लक्ष ४० हजार पदवीधर बाहेर पडले. शिक्षणखात्यानें त्यांच्यासाठीं अहोरात्र, वर्षभर चालणारा संगणकीय नोकरमेळा उघडला, आणि पदव्युत्तर वर्गांत १ लक्ष ८९ हजार जागा वाढविल्या. जागा वाढविणें म्हणजे मात्र पुराचें पाणी कांहीं काळ बांध घालून अडविणें. पाणी आटत नाहीं, तें मागाहून येतें. २०२२ च्या पदवीधरांची संख्या १ कोटी ७ लक्ष ६० हजारांवर गेली, आणि २०२३ च्या जूनमध्यें शहरांतील १६ ते २४ वर्षांच्या तरुणांत बेकारीचें प्रमाण शेंकडा २१.३ वर पोंचलें. सिंगापूरसारख्या लहान राज्यानें निराळी युक्ति योजिली. पेढ्यांनीं नव्या पदवीधरांस उमेदवारीस घ्यावें. त्यांच्या विद्यावेतनाचा शेंकडा ८० भाग सरकार देईल. नोकरीची हमी यांत नव्हती. पण अनुभवाच्या रकान्यांत लिहावयास कांहीं तरी मिळत होतें.

भारतांत व्यवस्थापनशास्त्राच्या नामांकित संस्थांतील निवडीचा सोहळाही असाच पडद्यावर गेला. अहमदाबाद, बंगळूर, कलकत्ता येथील संस्थांत पूर्वीं पेढ्यांचे अधिकारी प्रत्यक्ष येऊन मोजक्या दिवसांत निवड उरकीत. २०२० च्या उन्हाळ्यांत विद्यार्थ्यांची उमेदवारी घरूनच झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुलाखतीही दूरस्थ झाल्या. ज्याच्या घरीं स्वतंत्र खोली, अखंड वीज व वेगवान इंटरनेट होतें, त्याला हें सुखाचें वाटलें. ज्याच्या घरीं एकाच खोलींत सारें कुटुंब वावरत होतें, त्याला परीक्षकापेक्षां आपल्या संगणकाचीच धास्ती अधिक वाटली असल्यास नवल नाहीं. म्हणजे प्रवासाचा अडसर दूर झाला, आणि त्याच्या जागीं घरच्या परिस्थितीचा अडसर आला.

आणखी एक हानि आंकड्यांत सांपडत नाहीं. नोकरींतील पहिलें वर्ष म्हणजे एक प्रकारची शाळाच असते. वडीलधारा सहकारी गिऱ्हाइकाशीं कसा बोलतो, रागावलेल्यास कसा शांत करितो, चुकलेला हिशेब कसा निस्तरतो, हें नवा मनुष्य शेजारीं बसून शिकतो. ज्यांनीं तें वर्ष घरच्या भिंतीकडे पाहत घालविलें, त्यांना पगार मिळाला, पण गुरु मिळाला नाहीं. ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी त्या पेढ्यांवरच आहे.

पडद्यावरील मुलाखत ही सोय आहे, आणि दूरच्या गरीब मुलासाठीं ती टिकावी हेंच इष्ट. परंतु अमुक वर्षीं पदवी मिळणें हें विद्यार्थ्याचें कर्तृत्व नव्हे, तसा त्याचा अपराधही नव्हे. सुगी कोणत्या वर्षीं बुडेल हें पेरणाऱ्याच्या हातीं नसतें. म्हणूनच बुडित वर्षाच्या शेतकऱ्यास पुढील पेरणीसाठीं बियाणें देणें हा समाजाचा धर्म ठरतो. पदवीधराचें बियाणें म्हणजे दुसरी संधि. जपाननें मागितलेली तीन वर्षांची मुदत हें त्याच बियाण्याचें एक रूप आहे. तें वेळेवर न दिल्यास काय पीक येतें, हें ताकाराझुकाच्या त्या ३ जागांनीं दाखवून दिलेंच आहे.