पायाभूत म्हणजे नेमकं काय?

आज एका शब्दाविषयी बोलायचं आहे. शब्द परका, पण आता परभणीच्या बसस्थानकावरही सहज कानावर पडतो : इन्फ्रास्ट्रक्चर. प्लॉट विकणारा सांगतो, 'इथं दोन वर्षांत सगळं इन्फ्रास्ट्रक्चर येणार.' कॉलेजच्या माहितीपत्रकात 'उत्तम इन्फ्रास्ट्रक्चर' म्हणजे काचेची इमारत आणि संगणकांची खोली. कंत्राटदाराच्या टिप्परवर नावापुढं नुसतंच 'इन्फ्रा' रंगवलेलं असतं. सरकारी कागदावर याचंच मराठी रूप झालं 'पायाभूत सुविधा'.

लॅटिनमध्ये 'इन्फ्रा' म्हणजे खाली. फ्रेंच लोकांनी १८७५ च्या सुमारास हा शब्द रेल्वेच्या कामात आणला. रूळ अंथरण्याआधी जे करावं लागतं, म्हणजे मातीचा भराव, पूल, मोऱ्या, बोगदे, त्याला ते इन्फ्रास्ट्रक्चर म्हणत. रूळ आणि स्लीपर त्यात नव्हते. ते वरचं काम. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर नाटोच्या देशांनी विमानतळ आणि तेलवाहिन्यांसाठी तो वापरला, मग अर्थतज्ज्ञांनी उचलला, आणि धरणापासून टेलिफोनपर्यंत सारं त्यात मावू लागलं.

मूळ अर्थ समजायला फ्रान्सला जायची गरज नाही. आपल्या मनमाड-सिकंदराबाद मार्गाकडे पाहा. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास तो मीटरगेजचा म्हणून सुरू झाला. पुढे त्याचं ब्रॉडगेज झालं. रूळ बदलले, इंजिनं बदलली, डबे बदलले. वाट मात्र बहुतांशी तीच राहिली. ती वाट म्हणजे फ्रेंचांचं इन्फ्रास्ट्रक्चर.

मराठीत 'पायाभूत' ठीक आहे. मला खटकते ती 'सुविधा'. सुविधा म्हणजे सोय. सोय थोडी कमी-जास्त झाली तरी चालते. लग्नात पाहुण्यांची सोय नीट झाली नाही तर रुसवेफुगवे होतात, लग्न मोडत नाही. पाया कमी-जास्त चालतो का? शिवाय सोय कुणीतरी करून देतं, म्हणून आपण तिचे आभार मानतो, फीत कापतो, हार घालतो. पायाचे आभार कुणी मानत नाही.

आणि पाया म्हणजे काय, हे परभणी जिल्ह्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. म्हणून घर बांधताना गवंडी सांगतो, मुरूम लागेपर्यंत खणा. रस्त्याचंही तसंच. खाली मुरूम नीट दाबलेला नसेल, कडेला नाली नसेल, तर पाणी मुरतं आणि वरचं डांबर पोपडे सुटल्यासारखं निघतं. आपण मात्र 'डांबरी झाली' एवढंच बोलतो. खाली काय झालं, ते कुणी विचारत नाही.

मागे एका ग्रामसभेत मी होतो. अधिकारी 'पायाभूत सुविधांचा विकास आराखडा' वाचून दाखवत होते. एक आजी उठून म्हणाल्या, "ते समदं ऱ्हाऊ द्या सायेब, आमची पांदण धरली का न्हाई त्यात?"

या प्रश्नात केवढं अडकलेलं आहे बघा. सोयाबीन काढणीला येतं तेव्हा परतीचा पाऊस रेंगाळत असतो. कापून गंजी लावली, पण पांदणीत गुडघाभर चिखल, म्हणजे मळणी यंत्र शेतात जाणार नाही. ट्रॅक्टर रुतला तर ओढायला दुसरा, आणि तोही रुततो. तेवढ्यात गंजी भिजते, दाणा काळा पडतो, कधी कोंब फुटतात. मोंढ्यात व्यापारी मूठ उघडून बघतो आणि भाव पाडतो. वर्षाचा हिशेब त्या अर्ध्या कोसाच्या चिखलात बुडतो. तालुक्यापर्यंत गुळगुळीत रस्ता आहे, पण माल त्याच्यापर्यंत पोचत नाही.

चारीचंही असंच. पैठणचं धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं. डावा कालवा दोनशे किलोमीटरच्या वर लांब, आणि आपण त्याच्या शेपटाकडे. धरणाला पायाभूत म्हणताना जीभ अडत नाही. गवतानं बुजलेल्या शेतचारीला तसं कोण म्हणतं?

केंद्र सरकारनं २०१२ मध्ये या शब्दाची अधिकृत यादी केली. तिच्यात रस्ते, पूल, सिंचन आहे. मोठ्या शहरांबाहेरची तीन तारांकित हॉटेलंही आहेत. २०२२ मध्ये डेटा सेंटरही आलं. यादी मुख्यतः स्वस्त, दीर्घ मुदतीचं कर्ज मिळावं म्हणून आहे, त्यामुळे हॉटेलवाल्याला दोष नको. पण पांदणीसाठी बँकेत कोण जाणार?

राज्यात २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. रोजगार हमीची सांगड घालून मुरूम-खडीची कामं त्यातून व्हावीत, ही कल्पना. अडतं बहुधा पैशापेक्षा बांधावर. दोन्ही बाजूंनी वीत-वीत नांगर सरकत जातो आणि गाडीची वाट पायवाट होते. अशा वेळी भांडत बसण्याआधी गावनकाशा काढावा. भूमी अभिलेख कार्यालयात त्याची प्रत मिळते. त्यात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेनं आणि पाऊलवाट तुटक एकेरी रेषेनं दाखवलेली असते. असलेली वाट कुणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. वाटच नसेल, तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३ बांधावरून वाट मागण्याचा हक्क देतं. अर्ज उन्हाळ्यात करावा, म्हणजे पाहणीला येणाऱ्यांना चालत शेतापर्यंत तरी जाता येतं.