शेअर म्हणजे फाळ

(कोल्हापूर येथील जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



उसाच्या मुलखात कापूस-ज्वारीवाल्यांचा मेळावा भरला आहे. इथे माणसाची ओळख करून देताना नाव, गाव आणि मग कारखाना सांगतात. अमक्या कारखान्याचा सभासद, घरात इतके शेअर. आपण कोरडवाहूवाले हे ऐकून घेतो. आपला शेअर म्हणजे सोसायटीने पीककर्ज देताना कापून घेतलेली रक्कम. ती पासबुकात दिसते, खिशात कधी दिसत नाही.

म्हणून आज या एका शब्दाबद्दलच बोलावे असे ठरवले आहे.

शेतकी कॉलेजात आम्हाला अवजारांचा विषय होता. पुस्तकात लोखंडी नांगराचे चित्र, प्रत्येक भागाला बाण आणि बाणाच्या टोकाला इंग्रजी नाव. फाळाच्या बाणापुढे लिहिलेले होते 'शेअर'. आम्ही ते पाठ केले आणि पास झालो. फाळाला आणि कारखान्याच्या कागदाला एकच नाव कसे, हे परीक्षेत कोणी विचारत नाही.

मूळ अर्थ आहे कापणे. जुन्या इंग्रजीत जमीन कापणारे पाते तो शेअर आणि कापून वेगळा काढलेला तुकडा तोही शेअर. मेंढराची लोकर कातरायची ती 'शिअर'. आखूड कापलेले ते 'शॉर्ट', आखूड कापडाचा अंगरखा तो 'शर्ट'. काठीवर पाडलेली खाच म्हणजे 'स्कोअर', आणि मोजताना विसाला एक खाच पाडत म्हणून स्कोअर म्हणजे वीस. आपली म्हातारी माणसे पाच विसा शंभर मोजतात, तसेच हे. क्रिकेटचा स्कोअरसुद्धा पूर्वी काठीवर खाच पाडूनच ठेवीत. आपली कात्रीदेखील फार लांबच्या नात्याने याच कुळातली, असे भाषाशास्त्रवाले सांगतात.

आणि इंग्रजीचे कौतुक करायला नको. जमीन फाडतो तो फाळ. या कोल्हापूर भागात घरावरच्या कराला घरफाळा म्हणतात आणि जमीन कसायला घेतात ती फाळ्याने. देशाचे दोन तुकडे झाले त्याला फाळणी म्हणतात. इंग्रजाने जे पाहिले तेच आपल्या आज्यापणज्यांनी पाहिले. फाळ चालवणारा एक आणि फाळा नेणारा दुसरा, हे दोन्हीकडे एकाच वेळी कळलेले दिसते.

वाटा या अर्थाचा शेअर कंपनीच्या कागदावर चढला तो व्यापाऱ्यांनी भांडवल एकत्र केले तेव्हा. त्यातली आपल्या परिचयाची कंपनी म्हणजे १६०० साली स्थापन झालेली ईस्ट इंडिया कंपनी. १८३३ च्या सनदी कायद्याने तिच्या भागधारकांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश बांधून दिला, आणि तो द्यायचा कशातून, तर हिंदुस्थानच्या महसुलातून. महसूल म्हणजे मुख्यतः शेतसारा. १८५८ मध्ये कंपनीचे राज्य गेले, पण लाभांश चालूच राहिला. १८७४ मध्ये तो हिशेब मिटला. खानदेशातला शेतकरी पाऊस नसलेल्या साली सारा भरत होता आणि लंडनमध्ये कोणाचा तरी साडेदहा टक्के चुकत नव्हता.

त्यापुढची गोष्ट तर सरळ आपल्या कापसाची आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. सावकार दारी येऊन कर्ज देऊ लागला. भावाचा मोठा भाग मात्र मुंबईत राहिला आणि तिथे त्याचे शेअर झाले. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांत बॅक बे कंपनीचे नाव सगळ्यांच्या तोंडी. प्रेमचंद रायचंद हा या बाजाराचा राजा. जमीन अजून पाण्याखाली, पण तिचा शेअर हातोहात चढत होता!

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतली लढाई थांबली, कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा सौद्यांचा हिशेब चुकवण्याचा दिवस होता. त्या दिवशी मुंबईत कोणी कोणाचे देणे देऊ शकला नाही. बँक ऑफ बॉम्बे त्यात बुडाली. मुंबईतले शेठ दिवाळे काढून मोकळे झाले. शेतकऱ्याला दिवाळे काढता येत नव्हते. भाव गेला, कर्ज राहिले, आणि पुणे भागात फेरपाहणी होऊन वर सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी सुप्यात लोकांनी सावकारांची खते जाळली, तो वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्या खतांच्या राखेत बॅक बेच्या शेअरचीही थोडी राख होती, असे आम्ही समजतो.

सहकाराचा शेअर हा यापेक्षा वेगळा असावा म्हणून काढला. शेअर कितीही घ्या, १९६० च्या कायद्याप्रमाणे एका सभासदाला मत एकच. हे चांगले झाले. पण बाजारातला शेअर वाढतो तसा हा वाढत नाही, दर्शनी किमतीलाच राहतो. संस्था आजारी पडून विकली गेली की सभासदाच्या हातात जुनी पावती. सूतगिरण्यांचे शेअर घेतलेले लोक इथे बसले आहेत, त्यांना आणखी सांगायला नको.

तरीही ऊसवाल्याने एक गोष्ट कागदावर आणली. २०१२ मध्ये रंगराजन समितीने सांगितले, साखर, बगॅस, मळी, प्रेसमड यांच्या मिळून उत्पन्नात ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाचा, आणि नुसती साखर धरली तर ७५ टक्के. २०१३ मध्ये महाराष्ट्राने तसा कायदा केला. तो वाटा पदरात किती पडतो यावरून इथे दरसाल भांडण असते. पण भांडायला आकडा तरी आहे.

आपला आकडा कुठे आहे? एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते आणि साठ किलोच्या वर सरकी. सरकीचे तेल निघते, पेंड निघते. आपल्या पावतीवर मात्र एकच शब्द, कापूस. रुईचा उतारा कोणी लिहीत नाही. दहा क्विंटल कापसाला ३३ चा उतारा असेल तर ३३० किलो रुई, ३६ चा असेल तर ३६०. भाव दोघांना एकच दिला तर ती तीस किलो रुई कोणाच्या फाळ्यात गेली? चांगले बियाणे आपण घ्यायचे, वेचणी स्वच्छ आपण करायची, बोंड ओले असताना वेचू नका हे आम्हीच तुम्हाला सांगायचे, आणि वाढलेला उतारा गेटाच्या आत राहायचा.

ज्वारीचे भांडण आपल्या आपल्यातच असते. अर्ध्याने जमीन ठरते तेव्हा धान्याचे बोलणे होते आणि कडब्याचे राहून जाते. दुष्काळी वर्षात कडबा धान्याच्या तोलाला येतो आणि मग खळ्यावर दोन भाऊ बोलेनासे होतात. १९४८ च्या कूळ कायद्याने मूळात कोरडवाहू जमिनीला पिकाच्या तिसऱ्या हिश्श्याची आणि बागायतीला चौथ्या हिश्श्याची मर्यादा घातली होती. कागदावर पीक म्हणजे काय हे खळ्यावर ठरत असते. तेव्हा कडबा कोणाचा, हे पेरणीआधी चार माणसांत बोलून घ्या.

कापसाचे काम मात्र संघटनेचे आहे. गावी गेल्यावर गेल्या हंगामाच्या पावत्या शोधा. या हंगामात ज्या जिनिंगवर माल घालाल तिथे उतारा विचारा, आणि सांगितला तर पावतीच्या मागे लिहून घ्या. जो सांगणार नाही त्याच्या पावतीवर 'सांगितला नाही' असे लिहा. एका तालुक्याच्या निदान पन्नास पावत्या पुढच्या बैठकीला आणा. वाण, वेचणी, भाव आणि उतारा असे चार रकाने पाडून त्या मांडायला दोन मुले लागतील. बारावी पास असलेली दोन नावे आज जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे द्या.