दृष्टीची राखण

मुंबईच्या उत्तर उपनगरांत, कांदिवलीच्या पश्चिमेस, चारकोप ही वसाहत आहे. जागतिक बँकेच्या साह्यानें १९८५ सालीं जो मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला, त्यांत येथें लहान लहान भूखंड पाडून देण्यांत आले. मोकळ्या अंगणाभोंवतीं सुमारें ३५ घरांची एकेक संस्था झाली आणि ज्यानें त्यानें ऐपतीप्रमाणें भिंती उभ्या केल्या. पुढें पुष्कळ घरांवर माळे चढले. आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडें अशा तीन पिढ्या एका छपराखालीं नांदूं लागल्या. अशा घरांत एकाचा ताप सर्वांना कळतो, एकाचा खोकला सर्वांची झोंप मोडतो. परंतु एक दुखणें असें आहे कीं, तें शेजारीं बसलेल्याला दिसत नाहीं आणि पुष्कळदां ज्याचें त्यालाही उमगत नाहीं. तें म्हणजे दृष्टीचा ऱ्हास.

अशा घरांत घडणारी एक हकीकत घ्यावी. आजोबा सत्तरीला आलेले. चालतांना डाव्या बाजूची दाराची चौकट त्यांच्या खांद्याला लागे. गल्लींत रिक्षा अगदीं अंगाशीं येईपर्यंत दिसत नसे. घरचे म्हणत, ‘वय झालें. मोतीबिंदु असेल, पिकला म्हणजे काढूं.’ त्या पिकण्याची वाट पाहण्यांत दोन वर्षें गेलीं. शेवटीं डॉक्टरांनीं तपासलें तेव्हां मोतीबिंदु थोडाच निघाला. खरा शत्रु काचबिंदु होता. डाव्या डोळ्याची दृष्टि गेली ती गेलीच. उजव्या डोळ्यांत जें उरलें होतें तें राखण्यासाठीं रोज नेमानें औषधाचे थेंब घालणें प्राप्त झालें.

मोतीबिंदु आणि काचबिंदु हीं नांवें सख्ख्या भावांचीं वाटतात. परंतु दोघांचा स्वभाव अगदीं भिन्न आहे. मोतीबिंदूंत डोळ्यांतील पारदर्शक भिंग गढूळ होतें. तें काढून त्या जागीं कृत्रिम भिंग बसवितां येतें आणि, डोळ्याचा बाकीचा भाग निरोगी असल्यास, गेलेली दृष्टि परत येते. असें भिंग प्रथम १९४९ सालीं लंडन येथें हॅरल्ड रिडले यांनीं बसविलें. आज ही शस्त्रक्रिया इतकी सुलभ झाली आहे कीं, मोतीबिंदु ‘पिकण्याची’ वाट पाहण्याचें कारणच उरलेलें नाहीं. रोजच्या व्यवहारांत अडचण होऊं लागली कीं, तो काढतां येतो. काचबिंदूचें तसें नाहीं. त्यांत डोळा आणि मेंदु यांना जोडणारी शीर हळूहळू मरत जाते. बहुधा डोळ्यांतील दाब वाढल्यामुळें, पण कधीं कधीं दाब बेताचा असतांही. सामान्यतः दुखत नाहीं, खुपत नाहीं. प्रथम कडेची दृष्टि जाते, आणि समोरचें स्वच्छ दिसत असल्यामुळें मनुष्य निश्चिंत राहतो. एका डोळ्याची उणीव दुसरा झांकतो. जें गेलें तें कोणत्याही उपायानें परत येत नाहीं. उरलेलें मात्र राखतां येतें. म्हणूनच सारा भर वेळेवर ओळखण्यावर आहे.

२०१५ ते २०१९ या काळांत झालेल्या राष्ट्रीय पाहणींत, ५० वर्षें व त्यापुढील लोकांच्या अंधत्वाचें सुमारें दोन-तृतीयांश कारण मोतीबिंदु हेंच आढळलें. म्हणजे जें अंधत्व हटवितां येतें, तेंच सर्वांत अधिक आहे! त्याला कारण औषधांचा तुटवडा एवढेंच नव्हे. ‘पुढें पाहूं’ ही घरोघरची वृत्तीही आहे.

आतां त्याच घरांतील इतर मंडळींकडे वळावें. काचबिंदु पुष्कळदां रक्ताच्या नात्यांत उतरतो; तेव्हां आजोबांच्या मुलानें आपले डोळे तपासून घेणें ओघानेंच आलें. त्याची चाळिशी उलटलेली. वर्तमानपत्र हात लांब करून वाचण्याची वेळ आली, तेव्हां त्यानें रस्त्यावर मिळणारा तयार चष्मा घेतला होता. अशा चष्म्यानें डोळा बिघडतो असें नव्हे. परंतु अक्षर दिसूं लागलें कीं, डॉक्टरांकडे जाण्याची गरज भासत नाहीं, आणि आंतील दुखणें आंतच राहतें. त्यांतून मधुमेह असेल तर प्रश्न अधिक गंभीर होतो. नेत्रपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होऊं लागते, आणि दिसण्यांत फरक पडेपर्यंत रोग बराच पुढें गेलेला असतो. मधुमेही माणसानें, दिसण्याची कांहींच तक्रार नसली तरी, वर्षांतून एकदां नेत्रपटल तपासून घेतलेंच पाहिजे.

आणि त्या घरांतील सहा वर्षांची नात? ती फळ्यावरचें चुकीचें उतरून घेई, ओळ सोडी, पुस्तक नाकाशीं धरी. वर्गांत तिच्यावर ‘लक्ष नाहीं’ असा शिक्का बसला होता. आजोबांच्या निमित्तानें तिचेही डोळे तपासले, तेव्हां एका डोळ्याला मोठ्या नंबराचा चष्मा हवा असल्याचें दिसून आलें. लहान मुलाच्या दुबळ्या डोळ्याकडून येणारें अस्पष्ट चित्र मेंदु हळूहळू नाकारूं लागतो, आणि तो डोळा आळशी बनतो. चष्मा, चांगल्या डोळ्यावर रोज कांहीं वेळ पट्टी, असे उपाय सात-आठ वर्षांच्या आंत सर्वांत अधिक फळतात. वय वाढतें तसा त्यांचा गुण कमी होत जातो. मूल स्वतः तक्रार करीत नाहीं, कारण जग जसें दिसतें तसेंच तें असतें असें त्याला वाटतें. ज्या मुलाला ‘मठ्ठ’ म्हणून छडी दाखविली जाते, त्याला कदाचित् फळाच दिसत नसेल, हा विचार प्रत्येक आईबापानें आणि गुरुजनानें करावा.

डोळे तपासणें म्हणजे केवळ तक्त्यावरील अक्षरें वाचणें नव्हे. तो तक्ता १८६२ सालीं डच वैद्य स्नेलेन यांनीं सिद्ध केला; त्यानें दृष्टीची तीक्ष्णता कळते. त्याशिवाय डोळ्याचा दाब मोजावा लागतो, आणि बाहुली मोठी करणारे थेंब घालून नेत्रपटल व शीर पाहावी लागते. थेंबांनंतर कांहीं तास अंधुक दिसतें. म्हणून बरोबर कोणी असावें.

नेम साधा आहे. मुदतीपूर्वीं जन्मलेल्या बालकाचे डोळे पहिल्या महिन्यांतच दाखवावे. इतर मुलांचे शाळेंत घालण्यापूर्वीं, आणि पुढें दरवर्षीं. चाळिशीनंतर दोन वर्षांनीं एकदां, साठीनंतर दरवर्षीं. बालकाची बाहुली पांढरी दिसणें, डोळा लाल होऊन फार दुखणें, एकाएकीं अंधारी येणें किंवा विजा चमकल्यासारखें दिसणें, यांपैकीं कांहींही झाल्यास त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

चारकोपच्या प्रत्येक अंगणानें एवढें केलें तरी पुरे आहे: वर्षांतील एक रविवार ठरवावा, आणि प्रत्येक घरांत कोणाची तपासणी राहिली आहे याची यादी करावी. लांब जाण्याचेंही कारण नाहीं. कांदिवलींतच महानगरपालिकेचें रुग्णालय आहे. त्या आजोबांच्या घरीं आतां एक वही ठेविली आहे. प्रत्येकाचें नांव, चष्म्याचा नंबर, तपासणीची तारीख आणि पुढची तारीख तिच्यांत लिहिलेली असते. आजोबांना ती एका डोळ्यानें वाचतां येते. नातीचें नांव मात्र तिनें स्वतःच लिहिलें आहे, आणि अक्षर ओळीवर आहे.