उन्हाळ्यात शेततळ्याच्या पाण्याचे तापमान मोजा, मासे वाचवा



एप्रिल-मे महिन्यांत बीड जिल्ह्यात पारा चाळीस अंशांच्या वर गेला की आपण गुरे सावलीत बांधतो, मोसंबीच्या आळ्यात पाचटाचे आच्छादन करतो, कोंबड्यांच्या शेडवर पाणी मारतो. शेततळ्यातल्या माशांची मात्र कोणी चौकशी करीत नाही. मासा तर पाण्यातच आहे, त्याला कसले ऊन, असा आपला समज असतो. परंतु माशाला स्वतःच्या शरीराची ऊब कमी-जास्त करता येत नाही. पाणी जितके तापेल, तितकाच मासाही तापतो.

मी कृषिविद्येचा अध्यापक आहे, मत्स्यशास्त्राचा नव्हे. तरीही हा विषय घेतला, कारण 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आल्यापासून आपल्याकडे शेततळी वाढली आणि एकाच तळ्यावर बाग व मासा असे दोन हक्कदार झाले. मे महिन्यात दोघांनाही पाणी हवे असते.

आता तापमानाचा आणि माशाच्या श्वासाचा संबंध पाहू. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, तापलेल्या पाण्यात कमी. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. 30 अंशांना साडेसात आणि 35 अंशांना सातच्याही थोडा खाली. उलट पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे आवक घटते आणि खर्च वाढतो. कटला, रोहू, मृगळ हे आपले मासे 25 ते 32 अंशांत चांगले वाढतात. प्राणवायू 5 मिलिग्रॅमच्या वर असावा. 3 च्या खाली गेला की मासे अडचणीत येतात.

परदेशात थंड ओढ्यांतील ट्राउट मासा गळाने धरणारे हौशी लोक खिशात थर्मामीटर बाळगतात आणि पाणी 20 अंशांच्या वर गेले की मासेमारी थांबवतात. आपले मासे त्या मानाने कणखर आहेत. पण ज्याच्या तळ्यात दोन क्विंटल मासा उभा आहे, त्याने हा थर्मामीटर का बाळगू नये?

प्रयोगशाळेत वापरतात तो लाल द्रवाचा, शून्यापासून 50 किंवा 110 अंशांपर्यंतचा साधा थर्मामीटर घ्यावा. ताप मोजण्याचा डॉक्टरी थर्मामीटर चालत नाही. त्याचे आकडेच 35 पासून सुरू होतात आणि झटकल्याशिवाय पारा खाली उतरत नाही. थर्मामीटर काठीला बांधून काठापासून दूर, हातभर खोल, दोन-तीन मिनिटे धरावा. आकडा शक्यतो पाण्यात असतानाच वाचावा. बाहेर काढला की वारा लागून तो लगेच बदलतो.

तळाचे पाणीही मोजले पाहिजे. काचेच्या बाटलीला दगड बांधून तिला बूच लावावे. बाटलीला एक दोरी व बुचाला दुसरी. बाटली तळाजवळ सोडून बुचाची दोरी हिसकावी, बुडबुडे थांबले की बाटली वर ओढून आतच थर्मामीटर घालावा. नोंद दोनदा घ्यावी, पहाटे उजाडण्यापूर्वी आणि दुपारी तीनच्या सुमारास. वही गोठ्यातच टांगून ठेवावी. आपल्याकडील अनेक घरांतील कर्ती माणसे ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात; तोवर तळे म्हाताऱ्या माणसांच्या हवाली असते. त्यांना आकडा वाचून लिहिता येईल एवढे एकदा दाखवून द्यावे.

वरचे पाणी 33-34 अंशांच्या पुढे जाऊ लागले की खाद्य निम्मे करावे. समजा तळ्यात अर्धा किलोचे 400 मासे आहेत, म्हणजे वजन 200 किलो. दोन टक्क्यांनी रोजचे खाद्य 4 किलो होते, ते 2 किलोवर आणावे. तेही सकाळी ऊन चढल्यावर द्यावे, संध्याकाळी नको. शेण व रासायनिक खत टाकणे पूर्ण बंद करावे. न खाल्लेली पेंड तळाशी कुजते आणि उरलेला प्राणवायूही खाते.

सर्वांत मोठा धोका मात्र उन्हात नसून पहिल्या वळिवात आहे. उन्हाळाभर वरचे पाणी तापते, हलके होते आणि तळाच्या गार पाण्यावर तरंगत राहते. दोन्ही थर मिसळत नाहीत. तळाच्या थरात पेंड, विष्ठा व मेलेले शेवाळ कुजत राहते आणि तेथील प्राणवायू संपतो. मग एके संध्याकाळी आभाळ भरून येते, वादळी वारा सुटतो, गार पाऊस पडतो. वरचे पाणी एकदम थंड व जड होऊन खाली जाते, तळाचे नासके पाणी वर येते. आपण पावसाने सुखावून झोपतो आणि पहाटे सगळे तळे पांढऱ्या पोटांनी भरलेले दिसते. कोणी विष टाकले म्हणून भावकीत भांडणेही होतात! पाणी उलटले असेल, हा विचार आधी करावा.

म्हणूनच दोन आकडे हवेत. दुपारी वर आणि तळाशी तीन-चार अंशांचा फरक पडतो. तो पहाटेपर्यंतही टिकला, तर थर पक्के झाले असे समजावे. यावर बागच उपाय आहे. ठिबकचे पाणी तळाजवळून उपसावे. फूटव्हॉल्व्हला जाळी बांधावी आणि फिल्टर रोज धुवावा, कारण हे पाणी गढूळ असते. ते बागेला चालते आणि तळ्यातला नासका थर थोडा थोडा निघून जातो. एकदम ढवळून काढण्याचा उत्साह मात्र करू नये. विहिरीचे पाणी सोडायचे असल्यास फवाऱ्याने किंवा उंचावरून दगडांवर आपटून सोडावे, कारण विहिरीच्या पाण्यातही प्राणवायू कमीच असतो.

वळीव झालेल्या रात्री कोणीतरी तळ्यावर जागे राहावे. मासे, विशेषतः चंदेरा आणि कटला, वर येऊन तोंडाने हवा घेऊ लागले तर लगेच पंप लावून वरच्या थरातील पाणी फवाऱ्याने तळ्यातच परत सोडावे व उजाडून ऊन चढेपर्यंत चालू ठेवावे. रात्रीच्या पाळीची वीज इथे उपयोगी पडते. वीज नसेल तर डिझेल इंजिन तयार ठेवावे. त्या दिवशी खाद्य देऊ नये.

आणि एक स्पष्ट सांगतो. उन्हाळ्यात तळ्याचे पाणी दिवसाला साधारण एक सेंटिमीटर नुसते उडून जाते, बागेचा उपसा वेगळा. दीड मीटरच्या खाली पाणी गेले की मोठे मासे विकायला काढावेत. एक मीटर उरेपर्यंत भावाची वाट पाहणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात धनेगावचे मांजरा धरणही कोरडे पडले होते, तेथे आपल्या तळ्याची काय कथा. जाळे पहाटे गारव्यात ओढावे, मात्र मासे वर येऊन धापा टाकत असतील त्या दिवशी ओढू नये.

जुलै-ऑगस्टमध्ये नवी बोटुकली आणाल, तेव्हा हाच थर्मामीटर पिशवीत आणि तळ्यात लावून पाहावा. पिशवी 15-20 मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी. दोन्ही आकडे सारखे झाल्यावर तोंड सोडून तळ्याचे पाणी हळूहळू आत घ्यावे आणि पिल्लांना आपणहून बाहेर पोहू द्यावे.