धुऱ्यावरची रास्ना आणि रांजणातले पाणी



संत्र्याच्या मुलखातला मनुष्य बोलावयास उभा राहिला म्हणजे तो संत्र्यावरच बोलणार, अशी आपली अपेक्षा असल्यास ती रास्तच आहे. कारण मोर्शी आणि वरूड या आमच्या जोडीच्या तालुक्यांची ओळख, तहसील कचेरीच्या दफ्तरापासून सोयरिकीच्या बोलण्यांपर्यंत, बगीच्यांवरूनच करून दिली जाते. तथापि आज मी बोलणार आहे ते बगीच्याच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या आंब्याच्या खोडाला बिलगून बसलेल्या एका आमरीविषयी, म्हणजे आपण येथे विलायतेत जिला ऑर्किड म्हणता तिच्या आमच्याकडील एका गरीब बहिणीविषयी. आम्ही तिला रास्ना म्हणतो. शास्त्रज्ञ 'व्हँडा टेसेलाटा' म्हणतात.

यातील 'व्हँडा' हा शब्द मुळात आपलाच. कलकत्त्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी 'वंदा' हा संस्कृत शब्द उचलला आणि रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२० साली त्या नावाला शास्त्राच्या दप्तरी कायम केले. दुर्दैव इतकेच की वंदा म्हणजे बांडगूळ, आणि रास्ना बांडगूळ मुळीच नाही. ती आंब्याची जागा वापरते, परंतु त्याच्या कोठाराला हात लावत नाही. हा फरक आमच्या बगीचेवाल्याला ठाऊक नसल्यामुळे दरवर्षी बांडगुळाबरोबर तिच्यावरही कोयता चालतो.

मग ती खाते काय? सालीवरून ओघळणाऱ्या पावसात विरघळलेली धूळ, पाखरांची विष्ठा, बेचक्यात अडकून कुजलेला पाचोळा. एवढ्यावर, वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या मुलखात, तिचा संसार चालतो. तिचे मूळ हाती धरून पाहावे: कोरडे असताना ते चांदीच्या जुन्या तारेसारखे पांढुरके असते, आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडताच, आपण पाहत असतानाच, तो भाग हिरवा होत जातो, कारण मुळाभोवती मृत पेशींचे स्पंजासारखे एक वेष्टन असते, जे पाणी झटकन टिपून घेते आणि सावकाश आत पोचवते. अशा मुळाला खताचा तीव्र घोट पाजणे म्हणजे उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवण्यासारखे आहे.

हे शहाणपण मला अनुभवानेच आले. घरच्या गांडूळ खताचे काळेभोर पाणी, जितके दाट तितके गुणकारी या समजुतीने, मी एका रास्नेला तसेच पाजले, आणि आठ-दहा दिवसांत तिच्या मुळांची हिरवी टोके काळी पडून बसली. दोष गांडुळाचा नव्हता, माझ्या उदारपणाचा होता.

गांडुळांचे हे पाणी काढण्याची आमच्याकडील तजवीज अशी. जिन्याखाली एक रांजण, त्याच्या बुडाशी तोटी. आत प्रथम विटांचे तुकडे, त्यावर जाड वाळू, त्यावर जुने शेण आणि पाचोळा, आणि त्यात गांडुळे. वर एक भोक पाडलेले मडके टांगलेले, त्यातून रात्रभर थेंब थेंब पाणी ठिबकते. सकाळी तोटीखालच्या भांड्यात फिक्या चहाच्या रंगाचे पाणी जमते, आणि त्याला वास येतो तो पहिल्या पावसाचा. वास आंबूस किंवा सडका आला तर ते पाणी संत्र्याच्या आळ्यातही ओतू नये, मग आमरीची गोष्ट दूरच. येथील सदनिकांत रांजण ठेवावयास जागा कोठून असणार? त्यावर सोपा तोडगा असा की चांगले मुरलेले गांडूळ खत दोन मुठी कापडाच्या पुरचुंडीत बांधून बादलीभर पाण्यात घुसळावे, बारीक फडक्यातून गाळावे, आणि त्याच दिवशी वापरावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यातील सूक्ष्म जीवांना बाधक असते, म्हणून पाणी आदल्या रात्री उघडे ठेवावे किंवा पावसाचे घ्यावे. पावसाची टंचाई या देशात निदान असू नये.

आणि या देशात गांडुळावर बोलताना डार्विनला वगळणे हा अपराध ठरेल. केंट परगण्यातल्या आपल्या घरी बसून या गृहस्थाने १८६२ साली आमरींच्या परागीकरणावर ग्रंथ लिहिला, आणि १८८१ साली, निधनापूर्वी काही महिने, गांडुळांवर. एकरी दहा टनांहून अधिक माती ही जीवजात दरसाल आपल्या पोटातून काढते, असा हिशेब त्याने मांडला. एकाच घरात अभ्यासलेल्या या दोन जिवांची गाठ आमच्या जिन्याखाली पडली, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

आता रोगांपासून रक्षणाचा मुद्दा, ज्याच्याविषयी बाजारात फार मोठ्या बाता चालतात. आमच्या संत्र्याला 'डिंक्या' होतो. खोडाची साल फुटून डिंक गळू लागतो आणि झाड हळूहळू वाळते. त्याचे मूळ फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसदृश जीव. त्याच्याच कुळातले भाऊबंद आमरीच्या पानांच्या बेचक्यात काळी कूज आणतात. संत्र्याच्या खोडाला आम्ही मोरचूद-चुन्याचे बोर्डो लावून मोकळे होतो, परंतु काही आमरींना तांबे सोसत नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात काकडीच्या रोपांवर प्रयोग झाले, त्यांत गांडूळ खताने पिथियम या रोपकुजीच्या रोगकारकाला अडवल्याचे दिसले. पण तेच खत उष्णतेने निर्जंतुक केल्यावर तो गुण नाहीसा झाला. म्हणजे पहारा देतात ते खतातले जिवंत सूक्ष्म जीव. पाणी शिळे झाले की पहारेकरी गेले. मात्र काकडी ही आमरी नव्हे, हे ध्यानात ठेवून मी या पाण्याला रोग येऊ नये म्हणून घालायचा खुराक मानतो. कूज एकदा लागली की धारदार चाकू, कोरडी हवा आणि कुंडी वेगळी ठेवणे हाच इलाज.

आमच्याच अमरावती जिल्ह्याचे, नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, ते गांडूळ खताचे कडवे विरोधक. देशी गाईचे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांचे जीवामृत घाला, मातीतली देशी गांडुळे आपण होऊन वर येतील, हे त्यांचे म्हणणे. शेतापुरते ते विचारात घेण्याजोगे आहे. परंतु सालीच्या तुकड्यांनी भरलेल्या, मातीचा कणही नसलेल्या कुंडीत गांडूळ येणार कोठून? आणि गूळ-बेसनाचे पाणी तेथे घातले तर चिलटांची जत्रा भरेल.

आपल्या खिडक्यांत बहुधा फॅलेनॉप्सिस ही आमरी असेल. तिला गांडूळ खताच्या एक भाग अर्कात दहा भाग पाणी मिसळून आठवड्यातून एकदा द्यावे, चौथ्या खेपेस नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी, आणि येथील अंधाऱ्या हिवाळ्यात हा शिरस्ता महिन्यातून एकदावर आणावा. पानांच्या बेचक्यात पाणी साचले तर कापसाने टिपावे.

येथे येण्यापूर्वी एका स्नेह्यांनी रास्नेचे रोप आणण्याची फर्माईश केली होती. वन्य जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत समग्र आमरी-कुल नमूद आहे, सबब परवान्यावाचून रोप आणता येत नाही, आणि परवाना असता तरी धुऱ्यावरून ते सोडवून आणण्यास माझा हात धजला नसता. गेल्या एप्रिलात तिला तीन तुरे आले: तपकिरी चौकडीच्या पाकळ्या आणि त्यांत निळसर जांभळा ओठ. पूर्वी तिला कोयत्याने उतरवणारा आमचा गडी आता आंब्यावर चढण्यापूर्वी खालूनच हाक मारतो, "भाऊ, हे बांडगूय व्हय का तुमच्यावाली व्हय?"